नाडीचा आकडा आणि त्याचा पडताळा

पावसाळा ओसरू लागला की रविवारच्या पहाटे कल्याण–मुरबाड रस्त्यावर सायकलस्वारांचे जथेच्या जथे दिसू लागतात. बँकेतले कारकून, शाळांतले शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, क्वचित एखादा डॉक्टर किंवा निवृत्त अधिकारी अशी ही मंडळी मुरबाडला चहासाठी थांबतात आणि सरळगाव, टोकावडे, मोरोशी अशी मजल मारीत माळशेज घाटाची चढण धरतात. दुसरा जथा शहापूर, खर्डी करीत कसाऱ्याच्या घाटाकडे वळतो. सायकल हे केवळ गरिबाचे वाहन आहे, हा समज मागे पडून ते आरोग्याचे साधन आहे, ही जाणीव मध्यमवर्गात रुजली, हे चांगलेच झाले. मात्र या सायकलस्वाराबरोबर आणखी एक पाहुणा घाटात येऊ लागला आहे. तो म्हणजे हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र. कोणाच्या छातीला त्याचा पट्टा आवळलेला असतो, तर कोणाच्या मनगटावरच्या घड्याळात ते बसविलेले असते.

या यंत्राविषयीची तक्रार सर्वत्र एकच आहे. सपाट रस्त्यावर रमतगमत चाललेल्या माणसाचे ठोके ते एकाएकी १९० दाखविते आणि चढणीवर धापा टाकणाऱ्याचे ८५ दाखवून मोकळे होते. मग दोनच प्रकार घडतात. एक तर सायकलस्वार घाबरून रस्त्याकडेला बसतो. किंवा ‘यंत्र बिघडले आहे’ असे म्हणून पुढे निघतो आणि त्यानंतर त्या यंत्राने काहीही दाखविले तरी त्याकडे पाहत नाही. पहिल्या प्रकारात खोट्या आकड्यावर विश्वास ठेवला जातो. दुसऱ्यात खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक धोक्याचा आहे. म्हणूनच हा प्रश्न हौशी लोकांच्या खेळण्याचा आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

ठोका आणि त्याची सावली

मूळ गैरसमज असा की, हे यंत्र हृदयाचे ठोके ‘पाहते’. वस्तुतः ते ठोक्याच्या एखाद्या परिणामाचा माग काढते आणि त्यावरून ठोक्याचे अनुमान करते. छातीवरचा पट्टा विजेचा माग काढतो. हृदयाचा प्रत्येक ठोका एका सूक्ष्म विद्युत्-स्पंदनाने सुरू होतो. ते स्पंदन कातडीपर्यंत पोहोचते तेव्हा त्याचा दाब जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट असतो. हॉलंडमधील लायडन येथे विल्लेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे स्पंदन कागदावर उमटविण्याचे यंत्र सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगात रोग्याला आपले हात आणि पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. कारण उघड आहे. कोरडी कातडी वीज नीट वाहू देत नाही, खारे पाणी देते. फिनलंडमधील पोलर या कंपनीने १९८२ साली बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला आणि पाण्याची भांडी जाऊन त्यांच्या जागी पट्टा आला. पण कातडी आणि वीज यांचा तो जुना नियम बदललेला नाही.

मनगटावरच्या घड्याळाची रीत याहून वेगळी आहे. त्याच्या पाठीला हिरवा प्रकाश टाकणारे बारीक दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक मनगटातील रक्त किंचित वाढते आणि ओसरते, त्याबरोबर परत येणारा प्रकाशही कमी-अधिक होतो. ही चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा हिशेब मांडते. म्हणजे पट्टा हृदयाची वीज ऐकतो आणि घड्याळ रक्ताची भरती-ओहोटी पाहते. दोघांच्या साक्षी वेगळ्या, म्हणून दोघांच्या चुकाही वेगळ्या. हा भेद एकदा ध्यानात आला की निम्मे कोडे सुटते.

दोष कोठे शोधावा

ज्वर किती आहे हे पाहण्याआधी तो केव्हा चढतो, हे जाणता वैद्य विचारतो. यंत्राच्या बाबतीतही चूक किती आहे यापेक्षा ती केव्हा होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पहिली दहा-पंधरा मिनिटे आकडे वेडेवाकडे येतात आणि मग आपोआप ताळ्यावर येतात, असे असेल तर दोष कोरड्या कातडीचा समजावा. डिसेंबर-जानेवारीत मुरबाडच्या पहाटे बोचरी थंडी असते. अंगाला घाम नसतो. घाम आला की पट्ट्याला त्याचे खारे पाणी मिळते आणि आकडा सुधारतो. उपाय फुकटचा आहे. निघण्यापूर्वी पट्ट्याच्या आतील बाजूचे ग्राहक भाग पाण्याने ओले करावेत आणि पट्टा घसरणार नाही इतका आवळावा.

उतारावर किंवा समोरून वारा असताना आकडा उसळत असेल, तर संशय सदऱ्यावर घ्यावा. कृत्रिम धाग्याचा सैल सदरा कोरड्या हवेत पट्ट्यावर फडफडत राहिला की घर्षणाने वीज निर्माण होते आणि यंत्र तिलाच ठोका समजते. उतारावर पाय थांबलेले असताना १५० चे २१० होतात, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. अंगाबरोबर बसणारा सदरा घातला किंवा पट्ट्यावरचे कापड थोडे ओले केले, की हा उपद्रव थांबतो.

काही महिने बिनतक्रार चाललेला पट्टा हळूहळू बिघडत गेला असेल, तर घामाचे मीठ आणि संपत आलेली बॅटरी ही दोन कारणे आधी तपासावीत. वाळलेल्या मिठाने पट्ट्याचा कपडा कडक होतो. तो साध्या पाण्याने वरचेवर धुतला पाहिजे. घरी आल्यावर यंत्राची डबी पट्ट्यावरून काढून ठेवणे अगत्याचे आहे. ओल्या पट्ट्यावर ती तशीच राहिली तर कोणीतरी पट्टा घातला आहे असे समजून ती जागी राहते आणि नाण्याएवढी बॅटरी विनाकारण झिजवते. नवी बॅटरी आणि स्वच्छ पट्टा एवढ्यावर बरे होणारे दुखणे पाहून नवे यंत्र विकत घेणारे लोक कमी नाहीत.

आकडा चुकत नाही, पण मधूनच नाहीसा होतो किंवा गोठल्यासारखा एकाच जागी राहतो, ही तक्रार निराळी आहे. इथे मोजणी बरोबर असते. निरोप पोहोचत नाही. आजची यंत्रे ज्या रेडिओलहरींवर बोलतात त्या पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचे शरीर बव्हंशी पाणीच आहे. मोबाईल पाठीमागच्या खिशात असला तर छातीवरच्या पट्ट्याचा निरोप देहाच्या भिंतीआड अडतो. तो सायकलच्या दांड्यावर समोर लावला की संपर्क जुळतो. जुन्या पिढीतल्या पट्ट्यांना उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचाही त्रास होत असे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत येणारी पाचशे किलोव्होल्टची वाहिनी १९९९ पासून भिवंडीजवळच्या पडघ्यात उतरते, आणि या पट्ट्यात मनोऱ्यांची वाण नाही. त्यामुळे आकडा जरा बिनसला की बोट या तारांकडे दाखविले जाते. पण प्रत्येक पट्ट्याला स्वतःची ओळख देणाऱ्या आजच्या यंत्रांत तारांखालून जाताना खोटे ठोके मोजले जाण्याचा संभव फार थोडा आहे. घोळक्यात निघताना चुकून शेजाऱ्याचाच पट्टा आपल्या घड्याळाशी जोडला जाणे मात्र अजूनही शक्य आहे. ही जोडणी घरीच, एकट्याने करून निघावे.

मनगटी घड्याळाचे दोष सायकलच्या बैठकीतूनच जन्म घेतात. दांडा आवळून धरताना मनगट मुडपते, स्नायू ताणले जातात आणि कातडीखालचे रक्त दाबले जाते. त्यात रस्ता खडबडीत असला की हादऱ्यांनी घड्याळ हलते, त्याखाली बाहेरचा उजेड शिरतो आणि यंत्राला हादरा कोणता व ठोका कोणता हे उमगत नाही. थंडीत हाताकडचे रक्त आटते, तेव्हा मोजायला काही उरतच नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर चढवून नेहमीपेक्षा घट्ट बांधावे, हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही तर हाच प्रकाशाचा संवेदक दंडावर बांधण्याची सोय असते; तेथे हालचाल कमी आणि रक्त अधिक, म्हणून मोजणी पुष्कळच सुधारते. शिवाय ही यंत्रे काही सेकंदांची सरासरी दाखवितात. चढणीवर दहा सेकंद जोर लावला आणि आकडा लगेच वाढला नाही, तर तो बिघाड नव्हे, उशीर आहे.

हिरवा प्रकाश आणि सावळी कातडी

प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांचा आणखी एक दोष आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. कातडीतील काळसर रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषते. गोंदणाची शाई तर तो अडवतेच. घड्याळाला मिळणारा संकेत अशा कातडीवर दुबळा होऊ शकतो आणि हादऱ्यांत तो सहज हरवतो. मुरबाड आणि शहापूर हे ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे तालुके आहेत. उन्हाने रापलेल्या, पिढ्यान् पिढ्या गोंदण मिरवलेल्या हातांचा हा मुलूख आहे.

हौशी सायकलस्वाराच्या महागड्या घड्याळाशी या हातांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध २०२० मध्येच आला आहे. करोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्यसेवक घरोघर फिरून बोटाला चिमटा लावून प्राणवायूचे प्रमाण पाहत होते. रंग तांबडा आणि अवरक्त असला तरी त्या चिमट्याचे तत्त्व हेच, कातडीतून प्रकाश पाठवून रक्ताचे अनुमान करण्याचे. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, रक्तातला प्राणवायू धोकादायकरीत्या उतरलेला असूनही चिमटा तो ठीक असल्याचे सांगतो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत सुमारे तिप्पट वेळा घडत होते. रविवारच्या सहलीत चुकलेला आकडा थट्टेवारी नेता येतो; उंबरठ्यावर चुकलेला आकडा रोग्याला रुग्णालयाऐवजी घरीच ठेवू शकतो. एखादे यंत्र कोणाच्या कातडीवर आणि कोणत्या हालचालीत तपासले आहे, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, ही मागणी म्हणूनच केवळ चैनीच्या वस्तूपुरती राहत नाही. ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे वाक्य बारीक इंग्रजी अक्षरांत छापले की जबाबदारी संपली, असे उत्पादकांना मानू देता कामा नये.

आकडा खरा असला तर?

यंत्राचे दोष कळले, की माणूस प्रत्येक विचित्र आकडा त्याच्या माथी मारू लागतो. इथेच खरा धोका आहे. ऊन तापले, अंगातले पाणी घामावाटे गेले, म्हणजे तेवढ्याच श्रमाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. पहाटे माळशेजला गेलेला सायकलस्वार मार्च-एप्रिलच्या दुपारी त्याच वेगाने मुरबाडकडे परत येताना पंधरा-वीस ठोके अधिक दिसले, तर यंत्र खरे बोलत असण्याचाच संभव मोठा. ते सावली आणि पाणी मागत आहे. झोप न झालेली रात्र, अंगात मुरलेला ताप यांचीही नोंद नाडी घेते. उलटपक्षी, रक्तदाबावरील काही औषधे नाडीला वर चढूच देत नाहीत. ही औषधे घेणाऱ्याची नाडी चढणीवर ११० च्या पुढे गेली नाही, म्हणून आपल्याला श्रम झालेच नाहीत असा निष्कर्ष त्याने काढणे घातक ठरेल.

कधी कधी आकडा बरोबर असतो आणि मोजपट्टीच चुकीची असते. ‘२२० वजा वय’ हे सूत्र जवळजवळ प्रत्येक यंत्रात आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर आढळते. १९७१ च्या सुमारास प्रचारात आलेले हे सूत्र त्यासाठी मुद्दाम केलेल्या संशोधनातून निघालेले नव्हते. २००१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची छाननी होऊन दुसरे सूत्र पुढे आले : २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करावेत. साठ वर्षांच्या माणसाला पहिले सूत्र १६० ठोक्यांची कमाल मर्यादा सांगते, दुसरे १६६ ची. आणि ही दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात. निरोगी माणसाची प्रत्यक्ष मर्यादा तिच्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी, प्रसंगी त्याहूनही जास्त, वर किंवा खाली असू शकते. साठीच्या धडधाकट गृहस्थाला १६५ ला घड्याळाने धोक्याची सूचना दिली, तर चूक घड्याळाची नाही की हृदयाचीही नाही. ती वजाबाकीची आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पट्टा आणि घड्याळ यांच्या मतभेदाची. दोन्ही साधने नीट बांधलेली आहेत, बॅटरी नवी आहे, रस्ता सपाट आहे, आणि तरीही पट्टा १५० म्हणतो व घड्याळ किंवा बोटाखालची नाडी ११० म्हणते, असे वारंवार होत असेल तर ते यंत्राचे भांडण समजून सोडून देऊ नये. हृदयाची लय बिघडली की काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. छातीत मोजलेले ठोके आणि मनगटात मोजलेले ठोके यांतले हे अंतर डॉक्टरांच्या परिचयाचे जुने लक्षण आहे. अशा वेळी दोन्ही यंत्रे बरोबर असतात आणि दोष हृदयाच्या लयीत असतो. आकडा एकाएकी उडी मारून वर जातो, विसावा घेतला तरी उतरत नाही आणि सोबत धडधड, छातीत दाब, भोवळ किंवा अवेळी धाप जाणवते, तर पट्टा ओला करीत बसण्याची ती वेळ नव्हे. सायकल तिथेच ठेवून डॉक्टर गाठण्याची ती वेळ आहे.

आणि डॉक्टर गाठणे या भागात सोपे नाही. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते. तरीही मोरोशीच्या पुढे घाटात पडलेला माणूस आणि हृदयविकाराचे पुरते उपचार यांच्यामध्ये बहुधा कल्याण-ठाण्यापर्यंतचा रस्ता असतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार पाडली. या विक्रमांनी महाराष्ट्रात अनेकांना सायकलीवर बसविले. पण त्या शर्यतीत स्पर्धकामागे सहाय्यकांची मोटार असते आणि त्याच्या चेहऱ्याकडे, पाण्याकडे, वेगाकडे पाहणारे डोळे असतात. माळशेजच्या वळणावर एकटा असलेल्या पन्नाशीतल्या कारकुनाजवळ आकडा तेवढा असतो.

बोटांची साक्ष

म्हणूनच यंत्राला जामीन राहील असा दुसरा साक्षीदार हवा, आणि तो प्रत्येकाजवळ आहे. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून वैद्याची बोटे नाडीवर आहेत. जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालींवरून नाडीची गती ओळखण्याची ती पद्धत आजच्या मोजणीहून वेगळी होती. पण नाडी किती वेगाने चालते याइतकेच ती कशी चालते हेही पाहावे, हा तिच्यातला धडा आजही उपयोगी आहे. सायकल थांबवावी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे टेकवावीत, पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चाराने गुणावे. एक ठोका चुकला तर चारांचा फरक पडतो, तेवढा सोडून द्यावा. मात्र मोजणी थांबताक्षणीच करावी, कारण विसाव्याच्या पहिल्या मिनिटातच नाडी झरझर उतरते आणि उशिरा मोजणारा यंत्राला नाहक खोटे ठरवितो. ठोके समान अंतराने पडतात की अडखळतात, हेही त्याच पंधरा सेकंदांत कळते, आणि घड्याळावरचा सरासरीचा आकडा नेमके हेच झाकून ठेवतो.

ही गोष्ट शिकविण्यास पैसा लागत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मैदानाला फेरी मारून आलेल्या मुलांना स्वतःची नाडी मोजू द्यावी. विज्ञानाच्या तासाला मोजमापातली चूक म्हणजे काय, हे त्याच आकड्यांवरून समजावून द्यावे. मुरबाड-शहापूरच्या आश्रमशाळांत हे जितके शक्य आहे तितकेच डोंबिवलीच्या शाळांत. घाटाला निघणाऱ्या सायकल मंडळांनीही मुरबाडच्या चहाला एक नियम जोडावा : पुढे निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली नाडी बोटांनी मोजून यंत्राशी ताडून पाहावी. दोन आकडे जुळले तर दिवसभर यंत्रावर भरवसा टाकावा. न जुळले तर पट्टा, सदरा, बॅटरी, बांधणी यांची क्रमाने तपासणी करावी. आणि तरीही न जुळले तर घाटाचा बेत त्या दिवसापुरता रहित करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

माळशेजचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे आणि तो पुढच्या रविवारीही तेथेच असणार आहे. पंधरा सेकंदांत चाळीस ठोके म्हणजे मिनिटाला १६०, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येतो. चढण सुरू होण्यापूर्वी तो करण्याची सवय तेवढी मोठ्यांना लावून घ्यावी लागेल.